दाढेत राहिलेला तुकडा

सातारा

चि. मंजिरीस,

तुझं पत्र आणि एक्स-रेचा फोटो दोन्ही नीट पाहिले. ‘मामा, त्या डॉक्टरांना सोडायचं नाही’ असं तू म्हणतेस. तुझे बाबा काल फोनवर म्हणाले, झालं गेलं विसरावं आणि दाढ दुसरीकडे नीट करून घ्यावी. मला दोन्ही पटत नाही. ठरवायला जी माहिती लागते ती अजून तुमच्यापैकी कोणाकडेच नाही.

एक्स-रेमध्ये दाढेच्या मुळात फाईलचा तुकडा दिसतो, म्हणजे खटला जिंकल्यात जमा, असं तुला वाटतंय. तसं नसतं. रूट कॅनॉलमध्ये मुळाची नळी साफ करायला वापरतात ती फाईल अतिशय बारीक असते, दाढेची मुळं वाकडी असतात, आणि चांगल्या डॉक्टरच्या हातूनही फाईल कधी कधी तुटते. २००५ सालच्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जी कसोटी मान्य केली ती अशी, की त्या पेशातला साधारण कुशल माणूस जेवढी काळजी घेतो तेवढी घेतली होती का. शहरातल्या सर्वांत निष्णात डॉक्टरशी तुलना करायची नाही, आणि उपचार फसला एवढ्यावरून निष्काळजीपणाही धरायचा नाही. नुसत्या तुकड्यावर तक्रार उभी केलीस तर समोरचा वकील दहा मिनिटांत ती खाली बसवेल.

तुझं बळ दुसरीकडे आहे. फाईल तुटली की ती आखूड होऊनच बाहेर येते, त्यामुळे डॉक्टरांना ते तेव्हाच कळलं असणार. तुझ्या सांगण्याप्रमाणे त्यांनी अवाक्षर काढलं नाही, वर कॅप बसवली, आणि नंतर चावताना दुखतंय म्हणून तू गेलीस तेव्हा गोळ्या लिहून दिल्या. हे खरोखर असंच घडलं असेल तर तक्रार लपवल्याची आहे, आणि ती लढण्याजोगी आहे. वेळेवर सांगितलं असतं तर तू रूट कॅनॉलच्या तज्ज्ञाकडे गेली असतीस, मायक्रोस्कोपखाली तुकडा काढायचा किंवा त्याच्या बाजूने वाट काढायचा प्रयत्न झाला असता, आणि मुळाच्या टोकाला आज दिसतोय तो संसर्ग कदाचित टळला असता. तेवढंच नुकसान तुला मागता येईल.

पण ‘सांगितलं नाही’ हे तुझं म्हणणं झालं. त्यांच्या केस पेपरवर ‘फाईल तुटली, पेशंटला कल्पना दिली’ अशी ओळ निघाली तर? म्हणून पहिलं काम रेकॉर्ड मागण्याचं. साधा ई-मेल कर: पुढच्या उपचारांसाठी केस पेपर, सगळे एक्स-रे, संमतीपत्र आणि पावत्यांच्या प्रती हव्या आहेत. कारण खरंच आहे, त्यामुळे लाजायला नको. नोटिशीची भाषा वापरू नकोस आणि गूगलवर एक तारा देऊन मनातलं लिहूही नकोस. सही केलेल्या फॉर्मची धास्ती घेऊ नकोस. समजावून न सांगता घेतलेली संमती खरी संमती नव्हे, हे न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलंय; आणि ‘उपकरण तुटू शकतं’ असं फॉर्मवर छापलेलं असलं तरी तुटल्यावर गप्प बसायची मुभा त्यातून मिळत नाही.

दुसरी गोष्ट अवघड आहे. नवे डॉक्टर दाढ उघडतील त्या दिवशी तुझा पुरावा बदलेल. दुखणं अंगावर काढून पुरावा जपावा असं मी म्हणणार नाही. मात्र हात लावण्याआधीचा एक्स-रे, जमल्यास सीबीसीटी (दाढेचा त्रिमितीय स्कॅन), आणि ‘काय आढळलं, काय केलं’ एवढं त्यांच्या लेटरहेडवर तारखेसह घे. तुकडा निघाला तर तोही डबीत ठेव. ‘आधीच्या डॉक्टरांची चूक आहे’ असं कोणी लिहून देईल ही आशा धरू नकोस. एकाच गावात दवाखाने असलेली माणसं एकमेकांविरुद्ध क्वचितच लिहितात. तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागतंच असं नाही, हे २०१० च्या किशन राव निकालात आलंय. पण ते भलताच दात उपटल्यासारख्या उघड चुकीला लागू पडेल. तुझ्या प्रकरणात मत लागेल. मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणाहून मिळालं तर त्याला वजन येईल.

आता मुदत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते. तू म्हणशील, मला तर या महिन्यात कळलं. गोव्यातल्या एका परिचारिकेची गोष्ट ऐक. १९९३ साली मुंबईत तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, नंतर वर्षानुवर्षं पोट दुखत राहिलं, आणि २००२ मध्ये दुसऱ्या ऑपरेशनात पोटातून गॉझ निघालं. पोटात कापड राहिलं, याहून उघड चूक कोणती? तरी २००४ मध्ये केलेली तिची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने मुदतबाह्य ठरवली. दुखत होतं तर इतकी वर्षं त्या सर्जनकडे का गेली नाही, असा प्रश्न आला. मला तो निकाल कठोर वाटतो, पण आहे तो असा आहे. तुलाही कॅप बसल्यापासून दुखतंय. म्हणून दोन वर्षं रूट कॅनॉलच्या तारखेपासूनच मोज, आणि नोटीस पाठवली म्हणून मुदत थांबते असं समजू नकोस.

खर्चाचं म्हणशील तर तुझ्या रकमेला ग्राहक आयोगाची फी शून्य आहे, तू राहतेस त्या जिल्ह्यातच दाखल करता येतं, वकीलही सक्तीचा नाही. (वकिलांना मात्र २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्यातून वगळलं. डॉक्टर मंडळी यावरून माझ्यासारख्या वकिलाला टोमणे मारतात, आणि ते रास्त आहे.) समोर बहुधा विमा कंपनीचा वकील असेल. कायद्यात महिन्यांची मुदत लिहिली असली तरी वर्षं जातात. तू जिंकलीस तर आधीची फी, नव्या उपचाराचा खर्च आणि मनस्तापाचे थोडे पैसे मिळतील, लाखांचे आकडे डोक्यातून काढ. त्या डॉक्टरांना जाब विचारला जावा एवढंच हवं असेल तर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे तक्रार कर. तिथे पैसे मिळत नाहीत, पण ताकीद देण्याचा, नोंदणीतून नाव काढण्याचा अधिकार तिला आहे. पोलिसांकडे जाऊ नकोस. फौजदारी गुन्ह्याला लागतो तसा घोर हलगर्जीपणा यात मला दिसत नाही.

रेकॉर्ड आलं की ते आणि तुला झालेला खर्च समोर ठेवून त्या डॉक्टरांना एकदा भेटायला मी तुझ्याबरोबर येईन. फी परत आणि नवा खर्च देतो म्हणाले तर घ्यावं, असं मला आत्ताच वाटतं. केस पेपरवर फाईलचा उल्लेखच नसेल आणि तरी ते हात झटकत असतील, तर तक्रारीचा मसुदा मी लिहितो. उल्लेख तुझ्या सहीसकट निघाला, तर मी तुझ्या बाबांच्या बाजूचा.

ई-मेल आज पाठव. पाठवण्याआधी मला दाखव, तुझी विशेषणं काढून टाकायची आहेत.

तुझा,
मामा