मगरींच्या शेजारचा उन्हाळा

एप्रिल उजाडला की मुलांना कुठल्या शिबिरात घालायचं, याची घरोघरी चर्चा सुरू होते. चेन्नईच्या दक्षिणेला, वडनेम्मेली गावी, समुद्रकाठच्या एका घराला हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. रोम आणि झाई व्हिटेकर यांनी सहकाऱ्यांसह १९७६ साली तिथे मगरींचं प्रजनन केंद्र उभारलं. कातड्यासाठी झालेल्या शिकारीमुळे मगरी तेव्हा फार थोड्या उरल्या होत्या. झाई म्हणजे पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या नात्यातल्या. त्यांची निखिल आणि समीर ही मुलं त्याच आवारात वाढली.

तिथला उन्हाळा म्हणजे सुट्टी नव्हे, ऐन हंगाम. मगरीची पिल्लं याच दिवसांत अंड्यांतून बाहेर येतात. आणि पिल्लू नर होणार की मादी, हे ठरतं अंड्याभोवतीच्या उष्णतेवर! आपण मात्र उकाड्याला नुसती नावं ठेवतो.

शिबिरांचं मला वावडं नाही. पण आईबाप दिवसभर काय काम करतात, हे आपल्या मुलांना दिसतच नाही, याचं वाईट वाटतं. निखिलला ते घरीच दिसत होतं, आणि पुढे तो मगरींचाच अभ्यासक झाला. तुमच्या मुलांनाही या सुट्टीत, जमेल तर, एक दिवस तुमच्या कामावर घेऊन जा.