बांधीतल्या रात्रीचे ऋण

वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, वडीलधाऱ्यांच्या नजरेआड, अनोळखी माणसांच्या दाटीत बसून जे संगीत प्रथम कानी पडते, त्याचे स्मरण पुढे जन्मभर जिवलग वाटते. परंतु त्या स्मरणात आपण गाणाऱ्याला आणि स्वतःला मानाची जागा देतो, आणि ज्यांच्या औदार्यावाचून ती रात्र घडलीच नसती, त्यांची नोंद आपल्या दप्तरी क्वचितच आढळते.

मुंबई-पुण्याच्या माझ्या समवयस्कांना ती रात्र रॉक संगीताच्या जलशात लाभली; आम्हा झाडीपट्टीच्या पोरांना ती लाभली धानाच्या बांधीत. भाऊबीज उलटली की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या झाडीपट्टीच्या जिल्ह्यांत गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि रात्री नाटक होते. वडसा, म्हणजे सरकारदप्तरीचे देसाईगंज, हे या नाट्यव्यवसायाचे मुख्य ठाणे. नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्या तेथे आहेत, आणि गावोगावचे लोक तेथे येऊन नाटकाची तारीख मुक्रर करतात. याच रंगभूमीची आयुष्यभर सेवा करणारे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा इकडच्या कित्येक घरांत आपल्याच माणसाचा गौरव झाल्याचा आनंद होता.

माझे पहिले नाटक ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यात, कापणी झालेल्या बांधीत झाले. खाली तणस पसरलेले, बाजूंनी कनाती, अंगावर आईची जुनी शाल. दहाच्या सुमारास ऑर्गनने पहिला सूर धरला, तबल्याची थाप भोंग्यातून येऊन छातीच्या पिंजऱ्यात घुमली, आणि एका नटीने पद म्हटल्यावर सारा मंडप ‘वन्स मोअर’ म्हणून असा गरजला, की मीही, जो वर्गात उभे राहून उत्तर देण्यास कचरत असे, बेभान होऊन ओरडत होतो. पहाटे नाटक संपले तेव्हा घसा बसला होता आणि मी कमालीचा सुखी होतो.

त्या रात्रीचा विचार करताना आज मला नटीच्या पदाइतकीच आठवते माझ्या आतेबहिणीची सासू. मंडईच्या दिवशी घरोघर पाहुणे उतरतात, हा तिकडचा शिरस्ताच; पण त्या माउलीने ओळखीपाळखीच्या कितीतरी पोरांना भात आणि लाखोरीचे वरण वाढले, आणि स्वतः नाटकाला आली ती भांडी आवरून, दुसऱ्या अंकानंतर. ज्याच्या बांधीत आम्ही बसलो, त्याचे धुरे आमच्या पायांखाली ढासळले. त्याने तक्रार केल्याचे कोणी ऐकले नाही.

वुडस्टॉकच्या रॉक संगीत महोत्सवाचा इतिहास वाचताना मला हीच माणसे पुन्हा भेटली. १९६९ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातील बेथेल येथे मॅक्स यासगर नावाच्या दुग्धव्यावसायिकाने आपले शेत भाड्याने दिले, आणि तेथे सुमारे चार लाख तरुण लोटले. हा गृहस्थ स्वतः पुराणमतवादी, व्हिएतनामच्या युद्धाचा समर्थक. म्हणजे त्या पोरांचे केस, कपडे आणि मते यांपैकी काहीच त्याला पटणारे नव्हते. तरीही शेजाऱ्यांचा रोष पत्करून त्याने त्या पोरांना एकत्र जमण्याची मुभा मिळावी म्हणून आग्रह धरला. आणि अन्न अपुरे पडले तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी आपल्या घरचे अन्न पुरवले. गिटारवादकांची नावे जग जाणते. मला थोर वाटते ते हे, की आवड न जुळताही माणसाने दुसऱ्याच्या आनंदाला जागा करून दिली. आपल्या आवडीच्या कलेला आश्रय देणे त्या मानाने सोपे असते.

म्हणून आजच्या पोरांच्या संगीताविषयी आमच्या पिढीने चालवलेली फिर्याद मला मान्य होत नाही. परीक्षेची, खर्चाची, रात्रीच्या प्रवासाची काळजी खरी आहे, आणि तिचा बंदोबस्त केलाच पाहिजे. पण तो गोंगाट आहे, हे कारण पुढे करण्याचा अधिकार, ज्याने बांधीत रात्रभर गळा फाडला, त्याला नाही.

माझ्या पुतणीला नागपुरास एका रॉक बँडच्या कार्यक्रमाला जायचे आहे. तिच्या वडिलांनी माझा सल्ला विचारला. मी सांगितले की तिकिटाचे पैसे मी देतो, तुम्ही परतीच्या गाडीची तजवीज करा, आणि नागपुरात तिच्या मैत्रिणींनाही रात्री पोटभर जेवू घालील असे घर आपण दोघे मिळून शोधू.