सावलीचे ऋण

लोकहितासाठी एखाद्याच्या दारातील उजेड अडविला, तर अडविणाऱ्यांवर कोणते कर्तव्य येते? नुकसानभरपाई दिली की ते संपते काय? प्रश्न वरवर कायद्याचा वाटतो. त्याचे मूळ मात्र धर्मविचारात आहे.

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागात रूझवेल्ट ॲव्हेन्यू हा लांब रस्ता आहे. त्याच्यावर पोलादी खांबांच्या रांगा उभारून आगगाडीचे रूळ नेले आहेत. त्या मार्गावरील ७४ व्या रस्त्याचे स्थानक १९१७ साली सुरू झाले. त्याच्या आसपास आज भारतीय साड्यांची, दागिन्यांची व किराणा मालाची दुकाने आहेत. मार्गाच्या टोकाशी, फ्लशिंग येथे, १९७७ साली प्रतिष्ठापना झालेले श्रीगणेशाचे मंदिर आहे. तेव्हा आपल्यापैकी काहींचे आप्तही हे जिने चढले असतील. फलाटावरील उतारूला मोकळे आकाश मिळते. खालच्या पादचाऱ्याला भर दुपारीही रुळांची सावली व डोक्यावरचा गडगडाट.

उजेडाचा हा वाद त्या शहरात जुना आहे. मॅनहॅटनमधील स्टोरी नावाच्या मालकाने अशाच उन्नत रेल्वेविरुद्ध दावा लावला होता. १८८२ साली न्यूयॉर्क राज्याच्या अपील न्यायालयाने ठरविले की, रस्त्यावरून येणारा प्रकाश, हवा व वाट यांवरील त्याचा हक्क ही मालमत्ताच असून मोबदल्यावाचून ती हिरावता येत नाही. योगायोग असा की, हिंदुस्थानातील सुविधाधिकारांचा कायदाही १८८२ चाच. इमारतीला वीस वर्षे निर्वेधपणे मिळत आलेल्या प्रकाशाला त्यात संरक्षण आहे.

तथापि रूझवेल्ट ॲव्हेन्यूचा पेच निराळा आहे. स्टोरीची इमारत आधीची, रेल्वे नंतरची. येथे बहुतेक वस्ती रेल्वेच्या मागोमाग आली. सावली डोळ्यांनी पाहून ज्याने दुकान थाटले, त्याची तक्रार कोणी का ऐकावी? शिवाय त्याचे गिऱ्हाईक याच जिन्यावरून उतरते. युक्तिवाद बिनतोड दिसतो. परंतु ज्याला परवडणारी दुसरी जागाच नाही, त्याची संमती ही पूर्ण संमती नव्हे. मोबदला मिळतो तो मालकाला. भाडेकरू, फेरीवाला, वाटसरू यांचा उजेड कोणत्याही खतात नोंदलेला नसतो. कायद्याला हक्क दिसतो, माणूस दिसतोच असे नाही.

मग रेल्वे बांधूच नये काय? तसे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. एकाच्या अंगणातील ऊन राखण्यासाठी असंख्यांचा प्रवास थांबविणे हाही अन्यायच. परंतु या स्थानकाची रचनाच एक विवेक सुचविते. येथे तीन रूळ आहेत. गर्दीच्या वेळी मधल्या रुळावरून जलद गाडी न थांबता निघून जाते. बाजूच्या रुळांवरील धिमी गाडी मात्र थांबते. सावली दोघींचीही पडते. एक केवळ घेते; दुसरी घेतल्याची थोडीफार परतफेड करते. ज्याची सावली आपण सोसतो, त्याची सोबतही आपल्याला मिळावी, एवढी मागणी न्याय्यच आहे.

दुसरा विवेक बांधणाऱ्याचा. याच मार्गाचा क्वीन्स बुलेव्हार्डवरील भाग पोलादी सांगाड्याऐवजी काँक्रीटच्या देखण्या कमानींवर उभा आहे. रुंद रस्त्याच्या मधोमध असल्याने दोन्ही बाजूंच्या घरांना उजेड मिळतो. म्हणजे गाडी तीच, पण खालच्या माणसाचा विचार आधी झाला, तर अपाय कमी करता येतो. भरपाई हा नंतरचा उपाय. विचार हा आधीचा धर्म.

आपल्या परंपरेत ऋणाची कल्पना याहून वेगळी नाही. ऋण म्हणजे पाप नव्हे. परंतु ते नाकारणे हा दोष खचित आहे. उत्सवाचा मांडव रस्त्यात घालताना, ध्वनिक्षेपक शेजारच्या खिडकीकडे वळविताना आपणही लोकहिताचाच दाखला देतो. परवानगीचा कागद हाती असतो आणि तो पुरेसा वाटतो. त्या खिडकीआड एखादा रुग्ण असेल, परीक्षेचा विद्यार्थी असेल. त्याची संमती त्या कागदावर नसते. देवाच्या नावाने पडलेली सावलीही सावलीच. ती कोणावर पडते हे आधी जाऊन पाहावे, शक्य तेवढी आखूड करावी, आणि उरलेल्या सावलीसाठी त्या शेजाऱ्याचे ऋणी राहावे.