तीन वर्षं उभी राहिलेली गाडी



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४५

अर्जुनाने इथे जे विचारलंय, ते आपल्यापैकी अनेकांनी मनातल्या मनात विचारलेलं असतं. एखादा माणूस श्रद्धेने साधनेला लागला, पण मध्येच मन ढळलं आणि साधना सुटली. मग त्याचं काय होतं? ना इकडचा, ना तिकडचा, फाटलेल्या ढगासारखा तो विरून जातो का? उत्तर देताना भगवंत अर्जुनाला 'तात' म्हणतात, बापाने लेकराला जवळ घ्यावं तसं. आणि सांगतात, चांगल्या कामाला लागलेल्या माणसाची दुर्गती होत नाही. आधी केलेलं वाया जात नाही. जिथे सुटलं, तिथूनच तो पुढे निघतो.

ऐकायला किती गोड! पण "तिथूनच पुढे" म्हणजे नेमकं कसं? आज सकाळी पाच वाजता उठून काय करायचं? याचं उत्तर मला निगडीतल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये मिळालं.

माझा मावसभाऊ चाकणला कंपनीत आहे, तीन शिफ्टवाला. त्याचे वडील, म्हणजे आमचे काका, रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायचे आणि दादा शेजारी बसायचा. काका गेले आणि दोन गोष्टी एकदमच बंद पडल्या. घरातला हरिपाठ आणि कव्हरखाली उभी केलेली काकांची गाडी. जुनी, कार्ब्युरेटरवाली. तीन वर्षांनी दादा म्हणाला, "भंगारात देऊन टाकू. किक मारून पाय दुखला, काही उरलं नाही तिच्यात." हरिपाठाचा विषय काढला तर मान खाली घालून म्हणाला, "आता कुठल्या तोंडाने बसू?"

दोन्ही वाक्यं एकच आहेत, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

शेजारच्या बिल्डिंगमधले एक मेकॅनिककाका आले. त्यांनी पहिल्यांदा किक मारणं थांबवलं. "इंजिनाला पेट्रोल लागतं, हवा लागते, ठिणगी लागते आणि आत दाब लागतो. यातलं काय मिळत नाहीये ते आधी बघा. रागाने किक मारून ते कळत नाही."

मग एकेक करून बघितलं. किल स्विच चालू आहे ना? बॅटरी मीटरवर १२ व्होल्टच्या खाली होती. चांगली बॅटरी साधारण १२.६ दाखवते, म्हणून ती चार्जिंगला लावली. एअर फिल्टर काढला, धूळ होती, पण उंदराने घर केलेलं नव्हतं. प्लग काढला, कॅपमध्ये बसवून इंजिनाच्या धातूला टेकवला. ठिणगी निळी, जोरदार. पण प्लगचं टोक कोरडं. म्हणजे पेट्रोलच पोचत नव्हतं.

टाकीत पेट्रोल होतं की! पण तीन वर्षांचं. पेट्रोल उभ्या उभ्या शिळं होतं. त्यातला पटकन पेटणारा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट थर राहतो. त्यात इथेनॉल मिसळलेलं असलं तर ते हवेतला ओलावा ओढतं आणि पाणी तळाशी बसतं. टाकी रिकामी केली तर वार्निशसारखा वास आला. नवं पेट्रोल घातलं, कार्ब्युरेटरच्या वाटीतलं जुनं काढलं. मग चोक ओढला, सेल्फ मारला आणि गाडी लागली! दादाचा चेहरा फुलला. चोक आत ढकलला, गाडी बंद. पुन्हा चोक, चालू. चोक काढला, बंद.

काका हसले. "पायलट जेट चोंदलंय."

हे जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, त्याला सुईच्या टोकापेक्षाही बारीक भोक. गाडी सिग्नलला उभी असताना, ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इंजिन जिवंत ठेवण्याचं काम त्याचं. भोक सगळ्यात लहान, म्हणून चोंदतंही तेच आधी. दादा टाचणी घेऊन आला तर काकांनी हात धरला. "टोचायचं नाही, भोक मोठं झालं की कायमचं बिघडेल." जेट क्लीनरमध्ये भिजवलं, हवेने फुंकलं, उजेडाकडे धरून पाहिलं. पलीकडे टिपकाभर प्रकाश दिसला. जेट बसवलं, आणि या वेळी चोक काढल्यावरही गाडी चालूच राहिली. लगेच रस्त्यावर काढली नाही मात्र. आधी ऑइल बदललं, ब्रेक तपासले, टायरमध्ये हवा भरली.

मंडळी, साधना सुटली की आपल्याला वाटतं इंजिनच गेलं. श्रद्धा गेली, आपण वाया गेलो. बहुतेक वेळा तसं नसतं. ठिणगी निळीच असते. चोंदलेलं असतं ते रोजचं बारीक भोक. पाच मिनिटांचं नाम, झोपण्याआधीचं एक पान. सप्ताहात, कीर्तनात, चार लोकांच्या टाळांत आपण मस्त चालतो, तो चोक आहे. सोमवारी फर्स्ट शिफ्टची बस पकडली की बंद! अशा वेळी अजून मोठा संकल्प करून उपयोग नाही. बारीक भोक मोकळं करायला हवं.

शिळ्या पेट्रोलवरही गाडी चालत नाही. "पूर्वी मी किती करायचो" ही आठवण कितीही खरी असली तरी ती तीन वर्षांपूर्वीचं इंधन आहे. आजचं नाम आजच घ्यावं लागतं, थोडं असलं तरी ताजं. आणि स्वतःला टोचू नका. अपराधीपणाच्या टाचणीने जेट साफ होत नाही.

आपल्याच भागातलं उदाहरण बघा. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे पायी वारी झाली नाही. देहू आणि आळंदीहून पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. शेकडो वर्षांची वाट दोन वर्षं सुनी राहिली. २०२२ साली तुकोबांची पालखी पुन्हा आकुर्डीला मुक्कामाला आली, तेव्हा आधी दोन वर्षांचा हिशोब द्या, मग चाला, असं कुणी कुणाला म्हटलं नाही. टाळ वाजले आणि पावलं निघाली.

एका ठिकाणी मात्र गाडीचं उदाहरण तोकडं पडतं. गाडी स्वतःहून कधी म्हणत नाही की मला चालू कर. चव्वेचाळिसाव्या श्लोकात भगवंत सांगतात की आधीचा अभ्यासच माणसाला पुढे ओढून नेतो, त्याने ठरवलेलं नसलं तरी. साधना सुटल्याची जी रुखरुख तुम्हाला लागते ना, ती शिक्षा नाही. ती ओढच आहे. आत कुणीतरी अजून किक मारतंय.

दादा आता हरिपाठ म्हणतो. सेकंड शिफ्ट असली की सकाळी, घाईघाईत, कधी अर्धाच. पण म्हणतो.

आजचा संकल्प : जे सुटलंय त्यातली सगळ्यात लहान गोष्ट निवडा. आज फक्त पाच मिनिटं. उद्याचं उद्या.

राम कृष्ण हरी 🙏