मोकळे मैदान आणि त्याचे वाटेकरी

सार्वजनिक उद्यान सर्वांचे असते हे कायद्याने खरे असले, तरी तेथे कोण, कोणत्या वेळी आणि किती निर्धास्तपणे थांबू शकतो हे पाहिल्याशिवाय त्या विधानाचा अर्थ पुरा होत नाही. या दृष्टीने दादरच्या शिवाजी पार्कचे उदाहरण बोलके आहे. १९२५ मध्ये माहीम पार्क म्हणून खुल्या झालेल्या आणि १९२७ मध्ये शिवाजी महाराजांचे नाव मिळालेल्या या सुमारे २८ एकरांच्या मैदानाभोवती उंच कुंपण नसून कट्टा, म्हणजे बसण्यापुरत्या उंचीची सलग कड, आहे. हद्द दाखवणारी वस्तूच बसायची जागा असल्यामुळे पहाटे फेऱ्या मारणारे, नेटमध्ये सराव करणारी मुले, संध्याकाळी टेकणारी जोडपी आणि निवृत्त मंडळी एकाच जागेचे वेगवेगळ्या वेळचे वाटेकरी होतात.

ही वाटणी सर्वांत ठळक दिसते ती ६ डिसेंबरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी जवळच्या चैत्यभूमीवर अभिवादनासाठी राज्यभरातून आलेले अनुयायी याच मैदानातील मंडपांत मुक्काम करतात. पांढऱ्या लुगड्यांतल्या बायका गाठोडी उशाशी घेऊन आडव्या होतात, भीमगीते चालू असतात आणि पुस्तकांच्या दुकानांपुढे संविधानाची प्रत हातात घेऊन चाळणाऱ्यांची दाटी असते. एरवी ज्यांना या वस्तीत यायचे कारण पडत नाही, त्यांच्यासाठी हे मैदान त्या दिवसांत मुक्कामाचे घर आणि ग्रंथबाजार असे दोन्ही होते. रहिवाशांची आवाजाबद्दल आणि धुळीबद्दलची तक्रार रास्तच आहे, आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला तो तिची दखल घेऊनच. परंतु शेजार म्हणजे मालकी नव्हे, आणि गर्दीविषयीच्या नापसंतीत जातीची अढी कितपत मिसळली आहे हा प्रश्न टाळता येत नाही.

स्त्रियांचा अनुभव आणखी वेगळा आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ (२०११) या मुंबईविषयीच्या पुस्तकात दाखवल्याप्रमाणे, सार्वजनिक जागी असण्यासाठी स्त्रीला काहीतरी प्रयोजन दाखवावे लागते: व्यायामाचे बूट, सोबत मूल, हातात पिशवी. पुरुष कट्ट्यावर तासभर काहीही न करता बसला, तर कोणी वळून पाहत नाही. एकट्या बाईने तसे केले, तर ती कोणाची वाट पाहत असावी असा तर्क लगेच होतो.

फाटकाच्या उद्यानांत मात्र ही निवड घड्याळच करून टाकते. दुपारी कुलूप लावण्याची प्रथा जेथे आहे, तेथे सकाळ-संध्याकाळ मोकळा वेळ असलेल्यांची सोय होते. दोन घरच्या कामांमध्ये तासभर रिकामी असलेली मोलकरीण आणि रात्रपाळी संपवून आलेला पहारेकरी यांना सावली हवी असते ती नेमकी त्याच वेळी, आणि ती त्यांना फाटकाबाहेरच्या पदपथावर शोधावी लागते.