फुकट मिळालेल्या ज्ञानाचे ऋण

ज्ञान विकत घ्यावे लागू नये, ही माणसाची फार जुनी आकांक्षा आहे. सॉक्रेटिस अथेन्सच्या बाजारात भेटेल त्याच्याशी संवाद करी, त्याचे शुल्क मात्र कधी घेत नसे. ज्ञान हे ईश्वरी दान असल्याने त्याची विक्री होऊ शकत नाही, असा दंडक मध्ययुगीन ख्रिस्ती विद्वानांनीही मानला होता. ही आकांक्षा आज बऱ्याच अंशी फळास आली आहे. २००१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपले पाठ्यसाहित्य इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुले करण्याचे जाहीर केले. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने २००६ साली ‘ओपनलर्न’ सुरू केले. आपल्याकडे २०१७ साली केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ आले. आरोग्य, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र हे विषय ज्यांना एकेकाळी महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरच राहिले, त्या आमच्या धर्मग्रामातील माताभगिनी आज रात्रीची भांडी आवरून मोबाईलवर ते शिकू शकतात. ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु ह्या आनंदातच एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. जे आपणांस फुकट मिळाले, त्याचे आपण काही देणे लागतो काय?

फुकट म्हणजे बिनखर्चाचे नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावयास हवे. ११७९ साली भरलेल्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने असे ठरविले की, प्रत्येक कॅथेड्रलने एक शिक्षक नेमावा आणि त्याने गरीब विद्यार्थ्यांना विनाशुल्क शिकवावे. पण तेवढेच म्हणून परिषद थांबली नाही. त्या शिक्षकाच्या उदरनिर्वाहासाठी उत्पन्नाची तरतूद करण्यासही तिने सांगितले. विद्यार्थ्याच्या खांद्यावरून उतरलेले ओझे कुणाच्या तरी खांद्यावर जाते, हे त्या धर्माचार्यांना उमगले होते. आपल्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच सत्य वेगळ्या अंगाने मांडले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाच्या पदरात पडतो, ही त्यांची तक्रार होती. आजही ‘स्वयम्’चा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. त्या तिजोरीत काडेपेटी विकत घेणाऱ्या मजुराचाही कर जमा होतो, आणि त्याला तो पाठ कदाचित कधी उघडताही येणार नाही. तेव्हा शिकणारा ऋणी आहे, ह्यात शंका नाही. ते ऋण फेडावे कसे, एवढाच प्रश्न उरतो.

येथे दोन घरांची उदाहरणे आम्ही वाचकांपुढे ठेवतो. एका घरात नवी बाळंतीण सतत रडे, बाळाला जवळ घेईना. कुणी तिला दृष्ट लागली म्हणे, कुणी नाटकी म्हणे. सासूबाईंनी बाळंतपणानंतरच्या नैराश्याविषयीचा एक पाठ ऐकलेला होता. त्यांनी सुनेला बोल न लावता डॉक्टरांकडे नेले, आणि रात्रीचे बाळ स्वतःच्या कुशीत घेतले. दुसऱ्या घरातील तरुणाने मानसशास्त्राचे चार पाठ पाहिले आणि तापट वडिलांच्या स्वभावाला एका विकाराचे इंग्रजी नाव देऊन टाकले. त्या दिवसापासून बापलेकांचे बोलणे तुटले. वडिलांच्या तापटपणामुळे त्याला खरोखर दुःख भोगावे लागले होते, हे आम्ही नाकारीत नाही. असे दुःख मुकाट्याने सोसावे, असेही आमचे म्हणणे नाही. पण त्या नावामुळे त्याला वडील अधिक कळले, की त्यांना समजून घेण्याचे काम तेथेच संपले?

ज्ञान दोन्ही घरांत विनामूल्यच आले होते. फरक त्याच्या वापरात पडला. ॲरिस्टॉटलने आपल्या ‘मेटाफिजिक्स’ ग्रंथाच्या आरंभीच एक मार्मिक भेद सांगितला आहे. वैद्य ‘मनुष्य’ नावाच्या कल्पनेला बरे करीत नाही. तो समोरच्या अमुक एका माणसाला बरे करतो. म्हणून सामान्य सिद्धांत ठाऊक असून विशिष्ट व्यक्ती ठाऊक नसेल, तर उपचार चुकण्याचा संभव असतो. पाठातून आपणांस नैराश्य कळते. शेजारच्या घरातील निराश माणूस कळत नाही. तो कळण्यासाठी त्याच्या ओट्यावर जाऊन बसावे लागते, आणि तेथे कोणताही पाठ आपल्या वतीने बसू शकत नाही.

शिवाय, अर्धवट शिकण्याचा मोहही मोठा असतो. हार्वर्ड आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट यांच्या खुल्या अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार २०१७-१८ ह्या वर्षात शंभर नोंदणीकृतांपैकी केवळ तीनच्या आसपास लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. मध्येच सोडणे हे काही पाप नव्हे. कित्येकांना हवे तेवढेच हवे असते. मात्र पहिल्या पाठावर थांबलेल्याने शेवटच्या पाठाच्या अधिकाराने बोलू नये, एवढी मर्यादा त्याने पाळावयास हवी.

आमच्या मते फुकटच्या ज्ञानाचे ऋण पैशाने फिटत नाही. जे शिकलो त्याच्या प्रकाशात आधी स्वतःला तपासावे, इतरांना नावे ठेवण्यासाठी ते वापरू नये. जेथे आपली मर्यादा संपते, तेथे माणसाला जाणकाराच्या हाती सोपवावे. त्यासाठी २०२२ सालापासून शासनाची ‘टेली मानस’ ही १४४११६ नव्हे, १४४१६ ह्या साध्या पाच आकड्यांवर मिळणारी विनामूल्य सेवा आहे, हे प्रत्येक घरात ठाऊक असावे. आणि हे पाठ बहुतांशी इंग्रजीत असल्याने, ज्यांना ती भाषा येत नाही अशा आजीआजोबांना, शेजाऱ्यांना ते मराठीत, सोप्या शब्दांत सांगावे. मजुराच्या करातून आलेले ज्ञान त्याच्या ओट्यापर्यंत परत नेण्याचा आम्हांस दिसणारा हाच सरळ मार्ग आहे. सासूबाईंनी रात्री कुशीत घेतलेल्या त्या बाळाला कसलाच पाठ ठाऊक नव्हता, पण त्या पाठाचे मोल सर्वांत आधी त्यालाच मिळाले.