गायरान कोणाचें?

ज्या जमिनीपासून सरकारास सारा मिळत नाहीं ती जमीन पडीक, असा महसुली भाषेचा एक जुना संकेत आहे. इंग्रजी अमदानींत तो पक्का झाला, आणि ती अमदानी जाऊन पाऊणशेंहून अधिक वर्षें लोटलीं तरी आपल्या बोलण्यांतून तो गेलेला नाहीं. गांवाबाहेरचा माळ पाहून ‘एवढी जागा नुसती पडून आहे’ असे उद्गार चांगल्या सुशिक्षित मनुष्याच्या तोंडूनहि सहज निघतात. तो माळ नुसता पडलेला नसतो. त्यावर गांवचीं गुरें चरतात, पावसाचें पाणी मुरतें, शेणी व जळण गोळा होतें. परंतु या कामाची नोंद कोणत्याहि खतावणींत होत नसल्यामुळें पाहणाऱ्याला तें काम वाटतच नाहीं. ज्याचा हिशेब मांडतां येत नाहीं त्याला मोल नाहीं, ही अर्थशास्त्रांतली चूक तर खरीच. पण आमच्या मतें ती त्याहून अधिक नीतिशास्त्रांतली चूक आहे.

प्राचीनांनीं ती केलेली दिसत नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत गांवाभोंवतीं चोहोंकडे शंभर धनुष्यें, म्हणजे सुमारें चारशें हात, जागा मोकळी राखावी आणि नगराभोंवतीं त्याच्या तिप्पट राखावी, असें सांगितलें आहे. त्याच्या पुढचा नियम अधिक मार्मिक आहे. या राखीव जागेंत कोणी कुंपण न घालतां धान्य पेरलें आणि तें गुरांनीं खाल्लें, तर राजानें गुराख्यास दंड करूं नये! त्या ग्रंथांतील पुष्कळ भाग आज त्याज्य ठरला आहे व तो ठरला हें उत्तम झालें. पण या एका नियमांत पेरणाराच्या हक्कापुढें चरणाऱ्याचा हक्क उभा केला आहे, हें नाकारतां येणार नाहीं. कौटिल्यानें तर कुरणांसाठीं ‘विवीताध्यक्ष’ हा स्वतंत्र अधिकारीच नेमला. आजच्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या (१९६६) बाविसाव्या कलमांतहि गांवच्या गुरांच्या मोफत चराईसाठीं जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. तेव्हां गायरान ही शेतें वांटून झाल्यावर उरलेली जागा नव्हे. ती जाणून बुजून राखलेली जागा आहे.

ती कां राखली, याचें उत्तर दख्खनच्या पठाराची माती देते. खोऱ्यांतून काळी, खोल जमीन. उंचवट्यावर मात्र वीतभर मुरमाड थर आणि त्याखालीं खडक. पाऊस बेताचा व लहरी. अशा ठिकाणीं गवत हेंच खरें पीक होय. पवन्या, शेडा, मारवेल अशीं बहुवर्षायु गवतें आपल्या मुळांच्या जाळ्यानें ती वीतभर माती धरून ठेवतात. तेथें नांगर घातला तर दोन-चार वर्षें कांहीं पिकतें. मग वळवाच्या पावसाबरोबर माती ओढ्यांत जाते व खडक उघडा पडतो. गुरांनीं प्रमाणांत खाल्लेलें गवत पुन्हां जोमानें फुटतें. प्रमाण सुटलें म्हणजे चांगलीं गवतें मागें हटतात व कुसळी माजते. तिचीं कुसळें गुरांच्या तोंडाला बोंचतात, मेंढ्यांच्या लोकरींत रुततात. माळ कसा वापरला गेला आहे हें कोणत्याहि दप्तरापेक्षां तेथील कुसळांवरून लौकर समजतें. हल्लीं अशा माळांवर झाडें लावण्याची हौस आली आहे. हेतु चांगला, पण माळढोक पक्ष्याला उघडा माळच लागतो. नान्नज येथें १९७९ सालीं त्याच्यासाठीं अभयारण्य झालें, तें गवताळ माळावरच.

याच माळावर धनगरांच्या मेंढ्या पावसाळा काढतात. दिवाळीच्या सुमारास त्यांचे वाडे उठतात आणि कित्येक घाट उतरून कोंकणांत जातात. तेथें भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत रात्रीं मेंढ्या बसविल्या कीं शेताला लेंडीखत मिळतें व धनगराला त्याबद्दल धान्य किंवा पैसे. ज्या शेतकऱ्यानें पठारावरचा माळ जन्मांत पाहिला नाहीं त्याच्या भाताला त्या माळाचें खत पोंचतें. मग गायरान एका गांवाचें असें तरी कसें म्हणावें?

येथें इंग्रजी शिकलेला वाचक गॅरेट हार्डिनचें नांव घेईल. १९६८ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत हार्डिननें असें मांडलें कीं, सर्वांस खुल्या असलेल्या कुरणांत प्रत्येकजण एकेक गुरूं वाढवीत जातो. लाभ त्याचा एकट्याचा आणि हानि मात्र सर्वांत वांटलेली, म्हणून कुरणाचा नाश अटळ आहे. युक्तिवाद बिनतोड दिसतो, आणि आम्ही शिक्षक मंडळींनीं तो वर्गांतून पुष्कळ वर्षें बिनतोड म्हणूनच सांगितला. पण त्याचें कुरण बेवारशी आहे. गांवाचें कुरण बेवारशी नसतें. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल या डोंगरी गांवांत १५१७ सालापासून असा नियम आहे कीं, हिवाळाभर जितक्या गाई आपल्या चाऱ्यावर पोसतां येतील त्याहून अधिक गाई कोणीं वरच्या कुरणांत नेऊं नयेत. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीनें १९९० च्या आपल्या ग्रंथांत अशीं अनेक उदाहरणें तपासलीं व २००९ सालीं तिला अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें हार्डिननेंहि आपण ‘व्यवस्था नसलेलें’ कुरण म्हणावयास हवें होतें, असें मान्य केलें. आपल्याकडे ती व्यवस्था लोभानें मोडली त्याहून जास्त ती काढून घेतल्यानें मोडली. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर डोंगरांतील चराई सरकारी झाली. जोतीराव फुल्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’मध्यें (१८८३) याबद्दल केलेली तक्रार प्रसिद्धच आहे. जें सरकारचें झालें तें राखण्याचें कारण लोकांस उरलें नाहीं.

मात्र जुन्या गांवगाड्याचे गोडवे गाण्यांतहि अर्थ नाहीं. गायरान सर्वांचें खरें. पण ज्याच्या गोठ्यांत चाळीस गुरें त्याला तें चाळीस गुरांपुरतें, आणि ज्याच्या दाराशीं एकच शेळी त्याला एका शेळीपुरतें. ज्याला जमिनीचा तुकडाहि नव्हता त्यानें या माळाकडे आशेनें पाहिलें तर त्यांत नवल काय? १९५९ व १९६४ सालीं दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालीं भूमिहीनांनीं सत्याग्रह केले. मराठवाड्यांत कित्येक दलित कुटुंबांनीं गायरानाचीं शेतें केलीं आणि १९९१ सालीं शासनानें अशा कांहीं वहिवाटींस मान्यताहि दिली. २०११ सालीं जगपालसिंग खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें गांवच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणें काढण्याचा आदेश दिला. त्यांतहि भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाति-जमातींच्या लोकांना सरकारनें पट्ट्यानें दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेविला आहे.

खरा नैतिक पेंच हा आहे. एका बाजूस पोटासाठीं नांगर धरणारा, दुसऱ्या बाजूस मुकीं जनावरें आणि त्यांच्या मागें फिरणारा, तोहि बहुधा निर्धनच. आमचें मत असें कीं, भूमिहीनाचें देणें खरें आहे, पण तें ज्यांच्याकडे भूमि साठली त्यांनीं फेडावयाचें होतें. कमाल जमीनधारणेचा कायदा त्यासाठींच झाला. तें देणें चुकविण्यासाठीं समाजानें गायरान पुढें केलें, म्हणजे गरिबाचें ऋण दुसऱ्या गरिबाच्या खात्यांतून वळतें केलें. परंतु याच कारणास्तव अतिक्रमणें काढतांना आरंभ त्याच्या दीड एकरापासून करणें हा दुसरा अन्याय होय. शहरालगतच्या गायरानांवर बंगले चढले, कचऱ्याचे डोंगर झाले, तेव्हां आपल्यापैकीं कोणास गाईची आठवण झाली नाहीं. एका भूमिहीनानें तेथें बाजरी पेरली कीं मात्र गोधनाचा कळवळा येतो. हा कळवळा गाईसाठीं आहे असें मानण्यास आम्ही तयार नाहीं.

संयुक्त राष्ट्रांनीं २०२६ हें वर्ष कुरणांचें व पशुपालकांचें म्हणून जाहीर केलें. त्यानिमित्त ठराव होतील, आणि गायरानाचें काय करावें हें गांवानें ठरवावें, असेंहि सांगितलें जाईल. गांवानें ठरवावें हें आम्हांसहि मान्य आहे. पण चराईचा कायदेशीर हक्क गांवच्या गुरांचा. वाटेनें जाणाऱ्या कळपाचा नव्हे. २६ जानेवारीस ग्रामसभा भरते तेव्हां धनगर घाटाखालीं, कोणाच्या तरी खाचरांत मेंढ्या बसवून असतो.